कारागिराची खूण

(पॅरिशच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनें आम्हांस आज आपल्या ख्रिस्तमंदिराच्या इतिहासावर बोलण्याची आज्ञा केली होती. परंतु तो इतिहास आमच्याहून पुष्कळ अधिक जाणणाऱ्या गुरुजींनीं याच पुस्तिकेंत लिहिला आहे, आणि एकदां वाढलेलें ताट पुन्हां वाढण्यांत अर्थ नाहीं. त्या लेखांत पायाभरणीचें साल आहे, बिशपमहाराजांच्या भेटी आहेत, देणगीदारांची यादी तर चार पानें भरून आहे. ज्यांनीं दगड घडविले, तुळया तासल्या, वेदीवरचें कापड भरलें, त्यांचीं नांवें मात्र कोठें दिसत नाहींत. याचा दोष गुरुजींकडे नाहीं. तीं नांवें कोणीं लिहूनच ठेविलीं नव्हतीं. मग तीं गुरुजींनीं आणावीं कोठून? म्हणून इतिहास बाजूस ठेवून आज एका साध्या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. माणसानें आपल्या कामावर आपली खूण ठेवावी कीं नाहीं, आणि ठेवावी तर ती कशी?

या सभेंतील पुष्कळांनीं जुन्या गोव्यास जाऊन बॉम जेझू मंदिरांत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीचें दर्शन घेतलें असेल. ती समाधि नीट पाहिली तर तींत दोन प्रकारच्या हातांचें काम दिसून येतें. वरती चांदीची पेटी आहे. ती गोमंतकीय रुपेकारांनीं १६३७ च्या सुमारास घडविली, आणि तिच्या पत्र्यांवर संतांच्या चरित्रांतील बत्तीस प्रसंग उठविले आहेत. खालीं संगमरवराचा भव्य चबुतरा आहे. तो फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याचें काम. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानें तो पाठविला व १६९८ सालीं तो बसविण्यांत आला. खालच्या कामाविषयीं विचारलें कीं वाटाड्या शिल्पकाराचें नांव घेतो. वरच्या पेटीविषयीं विचारलें कीं ‘गोव्याचे रुपेकार’ एवढेंच म्हणतो. भाविकांचे डोळे तर आधीं पेटीवरच जातात.

गोव्याच्या जुन्या मंदिरांतील प्रवचनपीठें पाहिलीं तर हीच गोष्ट निराळ्या रीतीनें ध्यानांत येते. कित्येक पीठांच्या तळाशीं अर्धे मानव व अर्धे सर्प अशा आकृति भार तोलून धरितांना दिसतात. असल्या आकृति लिस्बनहून आलेल्या नमुन्यांत कशा असतील? त्या आल्या कारागिरांच्या स्वतःच्या बोटांतून. सोळाव्या शतकांत ख्रिस्ती मूर्तींचें काम अख्रिस्ती कारागिरांस देऊं नये असे ठराव गोव्यांत झाले होते. तरी कामें त्यांच्या हातीं जात राहिलीं, कारण तसे हात दुसरीकडे मिळत नव्हते. त्या लोकांना नांव कोरण्याची मुभा नव्हती, आणि कदाचित् तशी इच्छाहि नसेल. पण ज्याला लहानपणापासून नाग कोरण्याची सवय, त्याच्या पटाशीला वळण लागतें तें लागतेंच.

घंटांचीहि अशीच गोष्ट आहे. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, त्यानंतर तेथील मंदिरांच्या घंटा मराठे सरदारांबरोबर दूरदूर गेल्या. भीमाशंकरास एक आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे. मालक बदलले, धर्म बदलला, पूजा बदलली. पण मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूस घेतलेली मरियामाता अद्याप आहे. ओतणाऱ्यानें जें धातूंत घातलें तें कोणीं खरवडून काढिलें नाहीं. काढणाऱ्यांच्या मनांतहि तें आलें नाहीं, ही मराठ्यांच्या मनाच्या थोरवीची गोष्ट आम्हांस मुद्दाम नमूद करावीशी वाटते.

सेमिनरींत आम्ही जें लॅटिन शिकलों त्यांतील फारच थोडें आतां उरलें आहे. तरी क्रियापदाच्या दोन भूतकाळांतील भेद पक्का ध्यानांत राहिला, तो एका शिल्पामुळें. रोम येथील सेंट पीटर मंदिरांत शिरतांच उजव्या हातास मिकेलांजेलोचें ‘पिएता’ नांवाचें शिल्प आहे. मृत ख्रिस्ताचें शरीर मांडीवर घेऊन मरियामाता बसली आहे. एका फ्रेंच कार्डिनलाच्या समाधीसाठीं हें शिल्प मिकेलांजेलोनें १४९८–९९ सालीं, वयाच्या चोविशीच्या आसपास, घडविलें. मातेच्या छातीवरून एक पट्टा तिरका गेला आहे व त्यावर शिल्पकाराचें नांव कोरलेलें आहे. जन्मभर त्यानें इतकें घडविलें, पण नांव घातलें तें या एकाच कामावर.

हें नांव तेथें कसें आलें याची गोष्ट जॉर्जो व्हासारी यानें आपल्या कलावंतांच्या चरित्रांत सांगितली आहे. लोंबार्डीकडचे कांहीं प्रवासी शिल्पापुढें उभे राहून स्तुति करीत होते. एकानें विचारलें, हें कोणाचें काम? दुसरा म्हणाला, आपल्या मिलानच्या कुबड्याचें. मिकेलांजेलो जवळच उभा होता. तो कांहीं बोलला नाहीं. मात्र एके रात्रीं दिवा व छिन्न्या घेऊन त्यानें स्वतःस मंदिरांत कोंडून घेतलें आणि आपलें नांव कोरलें. गोष्ट जशीच्या तशी घडली असेल असें अभ्यासक मानीत नाहींत. आम्हांस मात्र तींतील माणूस ओळखीचा वाटतो. तरुण आहे, अपमान सोसत नाहीं, पण चारचौघांत भांडण्याऐवजीं रात्रीं एकटा जाऊन काम करतो.

आतां भूतकाळाकडे येऊं. त्या पट्ट्यावर ‘फ्लॉरेन्सच्या मिकेलांजेलोनें हें केलें’ असें लिहिलेलें नाहीं. ‘मिकेलांजेलो हें करीत होता’ असें आहे, अपूर्ण भूतकाळ. याची मुळें फार जुनीं आहेत. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें पहिल्या शतकांत नमूद करून ठेविलें आहे कीं, अपेलीस व पोलिक्लीटस यांच्यासारखे थोर ग्रीक कलावंत आपल्या उत्तमांतील उत्तम कामावरहि ‘केलें’ असें न लिहितां ‘करीत होता’ असेंच लिहीत. काम अजून चालूंच होतें, मधेंच हात थांबला; कोणास उणें दिसलें तर सुधारण्यास कर्ता तयार होता, असा त्याचा अर्थ. ‘केलें’ असें छातीठोकपणें लिहिलेलीं कामें प्लिनीस अवघीं तीनच ठाऊक होतीं. मिकेलांजेलोच्या सहींत अशा रीतीनें अभिमान व नम्रता हीं दोन्ही एकाच शब्दांत राहतात. प्रथम नांव आहे, आणि तें ठळक आहे. पण क्रियापद मान खालीं घालून उभें आहे.

आपल्या मराठींत तर ही विद्या फार जुनी आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणांत कवीचें नांव येतें, त्यास नाममुद्रा म्हणतात. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’ हे शब्द ज्यांनीं एकहि ग्रंथ उघडला नाहीं त्यांच्या कानांसहि परिचित आहेत. त्या काळीं अभंग तोंडोतोंडीं फिरत. कागद हरवला तरी नांव गाण्याच्या आंतच शिवलेलें असे. याहून अधिक विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, पुष्कळांनीं आपल्या नांवाला दुसऱ्याचें नांव जोडिलें. एकनाथांची मुद्रा ‘एका जनार्दनी’. जनार्दनस्वामी त्यांचे गुरु. जनाबाई स्वतःस ‘नामयाची दासी’ म्हणवितात. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या पंथाचे नव्हते, तरी त्यांचीं भजनें आपण प्रेमानें गातों. त्यांची मुद्रा ‘दास म्हणे’. दूर जर्मनींत बाखसारखा संगीतकार आपल्या कित्येक रचनांच्या शेवटीं ‘गौरव केवळ देवास’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांचीं तीन आद्याक्षरें लिहीत असे. सही करतांना माणूस ‘मी कोण’ एवढेंच सांगत नाहीं. ‘मी कोणाचा’ हेंहि सांगतो.

फादर टॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाचें नांव घेतल्याशिवाय मराठी कॅथॉलिकांच्या सभेंत या विषयावर बोलतांच येणार नाहीं. हे इंग्लंडांत जन्मलेले जेज्वीट धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास उतरले व त्यांचा हा सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ १६१६ सालीं राचोल येथें छापून निघाला. त्या पहिल्या छापाची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. म्हणजे नांवाचें पान तर गेलेंच. पण हस्तलिखितांवरून ग्रंथ पुन्हां छापला गेला, आणि वाचणाऱ्यास कर्ता पहिल्याच अध्यायांत भेटतो. रविवारची दुपार आहे, साष्टी प्रांतांत मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग चालला आहे, आणि एक ब्राह्मण पाद्रीगुरूंस विनवितो कीं, जुनीं पुराणें सुटलीं, तर त्यांच्या जागीं आम्हांस आमच्या भाषेंत वाचावयास कांहीं द्या. ग्रंथाचें कारण असें सांगणारा मनुष्य वर्गांत उभा राहून शिकविणाराच असला पाहिजे. मराठीची थोरवी गातांना त्यास मोगरा, कस्तुरी व मोर आठवतात. त्याच्या मायदेशांतील फुलें व पांखरें आठवत नाहींत. परक्या माणसाची खूण कोठें शोधावी, तर ती अशी त्यानें काय आपलेंसें केलें यांत सांपडते.

आतां घरच्या गोष्टीकडे वळतों. गेल्या वर्षीं नवें वाचनपीठ करावयाचें ठरलें तेव्हां समितीपुढें दोन दरपत्रकें आलीं. एक शहरांतील दुकानाचें होतें. नमुन्यांच्या पुस्तकांतील क्रमांक कळवावा, यंत्र तो नमुना लांकडांत कोरून देतें, पंधरा दिवसांत माल घरपोंच. दुसरें आपल्याच पॅरिशमधील एका सुताराचें; दर अधिक व मुदत तीन महिन्यांची. बरीच चर्चा होऊन काम सुताराकडे गेलें, तें केवळ एका मतानें. त्यानें दर्शनी भागावर गहूं व द्राक्षें कोरलीं, जशीं सर्वत्र असतात. परंतु दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर त्यानें नागवेल चढविली. त्याच्या बापाचा पानमळा होता. काम पाहावयास आलेल्या एका सद्गृहस्थांनीं विचारलें, “फादर, शास्त्रांत पानवेल कोठें आहे?” आम्हीं म्हटलें, शास्त्रांत नाहीं हें खरें, पण शास्त्र ऐकावयास येणारे निम्मे लोक त्याच मळ्यांतून येतात.

काम संपत आलें तेव्हां तो सुतार संकोचानें म्हणाला, “फादर, खालीं कुठं नांव घातलं तर चालेल का?” आम्हीं त्यास सांगितलें कीं, अवश्य घाल, परंतु समोर नको. आंतल्या फळीवर घाल, जेथें तेलपाणी करणाऱ्याचा किंवा दुरुस्ती करणाऱ्याचा हात जाईल. समोर उभा असणारा देवाचें वचन ऐकावयास आलेला असतो. त्याच्या डोळ्यांपुढें तुझें नांव कशाला? पण पन्नास वर्षांनीं एखादा सांधा निखळला तर जो दुसरा सुतार फळी उघडील, त्याला कळूं दे कीं हें कोणाचें काम, कोणत्या सालचें, लांकूड कोणतें. नांव म्हणजे एका अर्थीं जबाबदारीचा पत्ता आहे. त्यानें आपलें नांव लिहिलें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं पाहिलें तों त्याखालीं बापाचेंहि नांव होतें. बाप हयात नाहीं, आणि तो सुतार नव्हता. तें तेथें कां, हें आम्हीं विचारलें नाहीं.

कांहीं जण म्हणतील, ख्रिस्ती मनुष्यानें निनांवी राहणेंच श्रेष्ठ. या म्हणण्यांत सत्य आहे, पण तें अर्धेंच. जो जाणून आपलें नांव मागें ठेवतो त्याची नम्रता खरी. ज्याला नांव कोणीं कधीं विचारलेंच नाहीं, त्याच्या गप्प राहण्यास आपण नम्रता म्हणूं लागलों तर ती आपलीच सोय होय. निर्गमाच्या पुस्तकांत निवासमंडपाचें काम सांगतांना कारागिराचें नांव, त्याच्या बापाचें, आजोबांचें व वंशाचेंहि नांव दिलें आहे: यहूदा वंशांतील हूर, त्याचा पुत्र उरी, त्याचा पुत्र बसालेल. त्याचा सोबती अहलियाब याचेंहि नांव आहे. देवाच्या आत्म्यानें भरलेला असें ज्याच्याविषयीं तेथें म्हटलें आहे तो सोनें, पितळ, रत्नें व लांकूड यांवर काम करणारा कारागीर होता.

उलट टोंकासहि जाऊं नये. बांकावर नांव, पंख्यावर नांव, पाण्याच्या टांकीवर नांव, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. पंखा फिरूं लागला म्हणजे तरी तें वाचतां येत नाहीं, हें ठीक. देणगीदारांचा आम्ही अनादर करीत नाहीं. त्यांच्याशिवाय हें छप्पर आज डोक्यावर नसतें. परंतु विकत घेतलेल्या वस्तूवर घातलेलें नांव व घडविलेल्या वस्तूवर उमटलेली खूण या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

आपली खूण ठेवण्याची किंमतहि कधीं कधीं जबर पडते. गोव्यांतील सांतु इश्तेव्ह गांवीं १९०२ सालीं जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांची हकीकत तरुण मंडळींनीं अवश्य समजून घ्यावी. वैद्यकीचें शिक्षण सोडून ते चित्रकलेकडे वळले व बंगालमध्यें अवनींद्रनाथ ठाकुर व नंदलाल बोस यांच्याजवळ शिकले. तेथून परत आल्यावर त्यांनीं मरियामातेस साडी नेसविली, तिला आपल्या गांवच्या बाईचा सांवळा चेहरा दिला, आणि प्रभूस भारतीय घरांत आणून बसविलें. हें गोव्यांतील पुष्कळांस रुचलें नाहीं. निळ्या झग्यांतील गोरी माता हीच खरी, अशी समजूत होती. फोन्सेका गोवें सोडून पुण्यास आले व ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत राहूं लागले. आश्रम अँग्लिकन मंडळींचा, म्हणजे स्वकीयांनीं नाकारलेल्या कॅथॉलिक चित्रकारास आसरा मिळाला तो शेजारच्या घरीं. १९६७ सालीं त्यांचें निधन झालें. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें प्रत्येक देशाच्या कलेस मंदिरांत स्थान असावें असें १९६३ सालीं मान्य केलें, त्याच्या आधीं कित्येक वर्षें हा मनुष्य तेंच काम मुकाट्यानें करीत होता. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यांतच, पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रांत आहे. परदेशी नमुने गिरवून ते सुखानें पोट भरूं शकले असते. त्यांचा हात तसा वळेना.

हें सांगण्याचें कारण असें कीं, नमुना गिरविण्याचा मोह आज पूर्वीहून अधिक झाला आहे. या उत्सवानिमित्त मुलांची निबंधस्पर्धा घेतली. विषय होता ‘आमचें चर्च’. आलेल्या निबंधांपैकीं बरेच निबंध शुद्ध, सफाईदार व एकमेकांसारखे होते, इतके कीं दोघांत एकाच जागीं एकच वाक्य निघालें. मोबाइलमधील यंत्रानें ते लिहिले, हें ओळखण्यास परीक्षक असण्याची गरज नव्हती. आम्ही त्या यंत्राचे शत्रु नाहीं. हिशेबाचीं पत्रें लिहावयास पॅरिशच्या कचेरींतहि तें उपयोगीं पडतें. पण आमचें चर्च यंत्रानें कधीं पाहिलें? एका मुलीच्या निबंधांत शुद्धलेखनाच्या एकवीस चुका होत्या. तिनें लिहिलें होतें कीं, तिची आजी शनिवारीं वेदीसाठीं फुलें निवडतांना कीड लागलेलीं फुलें टाकून देत नाहीं, घरीं आणून आपल्या क्रूसाला घालते. बक्षीस तिला दिलें. एका पालकांनीं तक्रार केली कीं शुद्धलेखनाचे गुण कां धरले नाहींत. गुण धरले होते, व कापलेहि होते. तरी ती पहिली आली.

त्या आजीसारख्या बायकांचा विचार मनांत आल्यावर आम्हीं सॅक्रिस्टींतील जुनें कपाट उघडून पाहिलें. वेदीवरचीं एकूण चौतीस कापडें निघालीं. सिस्टरांनीं तीं एकेक करून उलटीं केलीं. भरतकाम सुलट बाजूनें सारखेंच दिसतें. उलट बाजूस मात्र जिनें तिनें गांठ आपापल्या परीनें मारलेली असते. सभेपूर्वीं दोन वृद्ध भगिनींस तीं दाखविलीं, तों त्यांनीं नुसत्या गांठीवरून अकरा कापडें ओळखलीं. हें अमकीच्या आईचें, हें तमकीच्या थोरल्या जावेचें. बाकीचीं तेवीस अजून तशींच आहेत.

म्हणून समितीच्या संमतीनें आम्हीं एक वही घातली आहे. यापुढें मंदिरासाठीं जें जें काम हातानें होईल, मग तें सुताराचें असो, गवंड्याचें असो, शिंपिणीचें असो, नवी चाल बांधणाऱ्या गायकाचें असो, त्याची नोंद करणाऱ्याच्या नांवासह तींत होईल. मागील पन्नास वर्षांचीं पानें कोरीं सोडलीं आहेत. ज्यांच्या घरांत कोणाचे आजोबा या भिंतींवर खपले असतील, किंवा ज्यांस त्या तेवीस कापडांपैकीं एखादें ओळखतां येईल, त्यांनीं कोणत्याहि रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर यावें. कापडें मेजावर उलट बाजूनें मांडून ठेविलेलीं असतील. वही तेथेंच आहे, व पेन दोरीनें बांधलेलें आहे.